दारातून दिसलेली टेकडी

धरणाकडे वळणाऱ्या फाट्यावर गेल्या दिवाळीनंतर एक फलक लागला. निळंशार पाणी, पांढरी बोट, बोटीवर गॉगल लावलेली माणसं आणि खाली लाल अक्षरांत मजकूर : 'दिवसभराची क्रूझ, चार बेटं, बोटीवर गरमागरम जेवण. अंदमानला जायची गरज नाही.' शिकवतो त्या शाळेतून फुलसावंगीला घरी परतताना मी तो रोज वाचायचो आणि रोज चिडायचो. बेटं कसली? त्या आमच्या टेकड्या. आमचं गाव त्यांच्या मध्ये बसलेलं होतं. धरण भरलं, गाव खाली गेलं, टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. आता कुणीतरी त्यांना नावं दिली होती. पक्षी बेट, शांती बेट, सेल्फी बेट, सनसेट बेट. चाळीस वर्षं तिथं शेळ्यासुद्धा जात नव्हत्या.

ही चिडचिड मी घरी जेवताना बोलून दाखवली, आणि तिथंच चुकलो. आई भाकरी मोडता मोडता थांबली.

"त्या बोटीत आपल्याले नेतीन का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, ते पोरासोरांचं काम आहे, तुझे गुडघे बघ. ती म्हणाली, "गुडघ्याले काय हाय, बोटीत तं बसाचंच हाय." मग माझ्याकडे न बघता, ताटाकडे बघत म्हणाली, "पोरीपाशी जाऊन येऊ एकदा. तुले जागा माहीत हाय."

जागा मला माहीत नव्हती.

पोर म्हणजे माझी मोठी बहीण. मी तिला पाहिलेलं नाही. अडीच वर्षांची झाली आणि तापात गेली, माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बाबा आणि मामा, म्हणजे आईचा भाऊ, असे दोघंच तिला टेकडीवर घेऊन गेले. बायकांनी तिकडे जायचं नसतं, म्हणून आई दारात उभी राहिली. पुढं आजीनं तिला बजावलं की दुसरं मूल होऊन चालायला लागेपर्यंत त्या टेकडीकडे बघायचंसुद्धा नाही. दुसरं मूल म्हणजे मी झालो, चालायलाही लागलो, आणि तेवढ्यात गाव उठलं. लोकांनी दारं-चौकटी काढून नेल्या, छपरांवरचे कवेलू उतरवले, देवळातला मारोती गाडीत घालून नेला. पुरलेलं लेकरू कुणी नेत नाही.

आई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. जिथं तिची पहिली मुलगी आहे ती जागा तिनं जन्मात पाहिलेली नाही.

बाबांनी ती जागा मला दाखवायचं ठरवलं होतं. एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी फार उतरलं, जुन्या गावाचे पाये उघडे पडले. बाबांनी पुनर्वसनातल्या घरून मला फोन केला. "पाणी उतरलं हाय. येऊन जाय. एक जागा दाखवाची हाय तुले." मी निवडणुकीच्या प्रशिक्षणात होतो. रजा मिळत नाही म्हणालो. खरं म्हणजे अर्ध्या दिवसाची सुट्टी कुणीही दिली असती, पण उन्हात पंचेचाळीस किलोमीटर मोटारसायकल हाणायचा मला कंटाळा आला होता. मग त्यांनी फोनवरच सांगायला सुरुवात केली. बिब्ब्याचं झाड, त्याच्या उगवतीच्या अंगाला इतकी पावलं, मग एक पांढरा दगड, की काळा. मी समोरची यादी तपासत होतो आणि हो, हो म्हणत होतो. "ध्यानात राहीन ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहील. पुढच्या पावसात पाणी पुन्हा चढलं आणि संक्रांतीच्या आधी बाबा गेले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा आईनं विचारलं, "त्यायनं तुले सांगतलं ना, पोरीचं?" घरात तेवढं रडणं होऊन गेलेलं. अशा वेळी नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, हो, सगळं सांगितलंय. तिचा चेहरा एकदम सैल पडला. मी वेळ मारून नेली असं मला वाटलं. त्यानंतर अकरा वर्षं मी ती मारूनच नेत होतो. बायकोला मात्र एकदा खरं सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच जाऊन सांगून टाका. मी म्हटलं, बघू.

तर आईनं बोटीचा हट्ट धरला आणि माझी सगळी कारणं संपली. आम्ही मंगळवारी निघालो, कारण मंगळवारी गर्दी नसते असं बोटवाला फोनवर म्हणाला होता. गर्दी नको होती मला. जे काय माझं हसं व्हायचं ते चार माणसांत व्हावं.

माघ संपत आला होता, तरी ऊन लागत होतं. तूर निघून गेलेल्या शेतांमधून रस्ता धरणावर उतरला. काठावर एक पत्र्याची टपरी, तिच्यापुढे प्लास्टिकची दोन नारळाची झाडं, आणि त्यांच्या पलीकडे ती क्रूझ. मासेमारीच्या दोन मोठ्या डोंग्यांवर फळ्या ठोकून केलेली बोट, वर निळी ताडपत्री, मागे एक मोटार, मध्ये लग्नाच्या मंडपातल्या लाल खुर्च्या. खुर्च्यांच्या पाठीवर मंडपवाल्याचं नाव अजून होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावर तासभर बोललो असतो.

बोट चालवणारा पन्नाशीचा भोई होता. सगळं आयुष्य याच पाण्यात जाळी टाकण्यात गेलेलं. आता एका ठेकेदारानं बोट आणली आणि याला चालवायला ठेवलं. त्याची बायको मागच्या टोकाला गॅसची शेगडी घेऊन बसली होती, जेवण तिच्याकडे होतं. माझी बायको त्यांच्याशी लगेच बोलायला लागली. आई मात्र एक स्टीलची किटली दोन्ही हातांत धरून बसली. त्यात दूध होतं. लहान लेकराच्या जागेवर दूध ओततात. पहाटे उठून तिनं ते तापवलं होतं, गार केलं होतं, झाकणाखाली फडकं बांधलं होतं.

"लाइफ जॅकेट घाला मावशी," बोटवाला म्हणाला.

"कायले? मी माह्याच गावात चालली," आई म्हणाली. पण घातलं तिनं. नारंगी जॅकेट, नऊवारी आणि मांडीवर किटली. बायकोनं फोटो काढायला मोबाइल वर केला आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत ठेवून दिला.

पहिलं बेट पक्ष्यांचं. पक्षी म्हणजे पाणकावळे आणि दोन बगळे. बोट काठाला लागली तसा मी आधी उडी मारून उतरलो आणि बिब्ब्याचं झाड शोधायला लागलो. तेवढं एकच मला खात्रीनं आठवत होतं. बाभळी होत्या, एक वाकडा पळस होता. बिब्बा नव्हता. मी आत फिरून आल्यासारखं केलं आणि सांगितलं, हे नव्हे, पुढचं. आईनं मान हलवली. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता आणि त्याची मला शरम वाटत होती, हे इथंच सांगून टाकतो.

दुसऱ्या बेटाकडे जाताना मला कळून चुकलं की माझा काही निभाव लागणार नाही. गावातल्या माणसांनी या टेकड्या खालून पाहिलेल्या. नाल्याच्या डाव्या हाताची, मारोतीच्या मागची, गुरं चारायची, अशी त्यांची ओळख. आता नाला नाही, मारोती नाही, डावा हात कुठला तेही कळत नाही. पाण्यावरून सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात, पाण्याबाहेर आलेल्या म्हशींच्या पाठी असाव्यात तशा. बाबांनी सांगितलेलं सगळं मला शब्दन्‌शब्द पाठ असतं तरी ते इथं लागू पडलं नसतं. हा विचार मला फार सोयीचा वाटला. दुसऱ्या बेटावर मी हरलो आणि ठरवून टाकलं की आता कुठलीतरी जागा दाखवून टाकायची.

शांती बेटाच्या उतारावर एक मोठं धावड्याचं झाड होतं आणि त्याच्याखाली चार-पाच दगड. मी आईला हात धरून तिथवर नेलं. चांगली दहा मिनिटं लागली, दोनदा ती थांबली. बायको मागून येत होती आणि माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेला मी नजर दिली नाही.

"इथं," मी म्हटलं.

आई खाली बसली. दगडांवरून तिनं हात फिरवला, पाला बाजूला केला. मला वाटलं आता ती रडेल, दूध ओतेल आणि झालं, सुटलो. पण ती उठली, दगडांकडे पाठ केली आणि खाली पाण्याकडे बघायला लागली. बराच वेळ बघत होती.

"आपलं दार कुठं हाय इथून?" तिनं विचारलं.

"आई, दार पाण्यात आहे."

"ते मले समजते. पण कोणत्या अंगाले?" मग तिनं सांगितलं. आजवर मला हे माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. "मी दारात उभी होती. ते गेले तं मले ते शेवटपर्यंत दिसत होते. खाली वाकलेले दिसले, फावडं वर जाताना दिसलं. म्हणजे तिथून आपलं दारबी दिसत असंन. इथून दिसलं नसतं. हे मारोतीच्या मागचं हाय, मधात पार येते." तिनं किटली पुन्हा पोटाशी धरली. "हे नाही बाबू. तू चुकला."

चिडली नव्हती ती. चुकलेल्याला सांगावं तसं तिनं सांगितलं, आणि मी म्हटलं, असेल, इतकी वर्षं झाली. म्हणजे पुन्हा खोटं बोललो.

बारा वाजून गेले होते. बोटवाल्याच्या बायकोनं जेवण वाढायला घेतलं. बोट मधल्या पाण्यात उभी होती, मोटार बंद. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, वरण-भात आणि ज्यांना चालतं त्यांना मासोळीचा रस्सा. जेवण उत्तम होतं. असं दुःखाच्या दिवशी जेवण उत्तम निघतं तेव्हा फार अवघडल्यासारखं होतं. मी दोन भाकरी खाल्ल्या. आईनं भाजीशी एक खाल्ली आणि बोटवाल्याला विचारलं की तो कुठल्या गावचा.

तो काठावरच्याच गावचा. बोलायला लागला. या पाण्यात त्याच्या वडिलांनी जाळी टाकली, त्यानं टाकली. "तुमच्या गावानं आमची लय जाळी फाडली मावशी," तो म्हणाला.

"कशी काय?"

"खाली सगळं तसंच उभं हाय ना. जाळं अडकते. एक तं तो पिंपळ हाय, वाळला पण पडला नाही. तिथं जाळं गेलं का गेलंच. दुसरी ते इहीर. तिचे दगडी खांब हायेत. तीन जाळे गेले माहे तिथं. आमाले डोळे झाकून माहीत हाय, कुठं टाकाचं नाही ते."

आईचा घास हातातच राहिला. "पिंपळ म्हणजे मारोतीच्या पाराचा," ती म्हणाली. "आन् इहीर म्हणजे गावइहीर. पारापासून इहिरीपर्यंत आपली गल्ली होती." ताट तिनं खाली ठेवलं. "भाऊ, मले बेटं नाही पाहाची. मले माह्या दारात नेऊन उभी कर. दारातून मले बरोबर दिसते."

बोटवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. अजून दोन बेटं बाकी होती आणि फोटो काढायची जागा तिसऱ्यावर होती. बायको म्हणाली, "दादा, घ्या ना."

त्यानं मोटार सुरू केली, बरंच आत नेलं आणि मग बंद केली. पुढं वल्ह्यानं. दोन्ही काठांकडे मान वळवून वळवून त्यानं काहीतरी मेळ लावला. "हा पिंपळ," तो म्हणाला. पाणी सगळीकडे सारखंच होतं. खाली काही दिसत नव्हतं, हिरवट काळोख फक्त. पण बायकोनं पायातल्या चपला काढून खुर्चीखाली सारल्या. तिचं पाहून मीही बूट काढले. मारोती केव्हाच नव्या गावात गेलेला असताना आम्ही हे कशासाठी केलं ते माहीत नाही.

"आन् इहीर तिकडं," त्यानं वल्ह्यानं दाखवलं.

मग आई चालायला लागली. बसल्या जागी, पण चालतच होती ती. "हळू घे. हे सुताराचं. त्याच्याकडं लाकडं पडली राहतेत, डाव्या अंगानं घे." बोटवाल्यानं खरंच डाव्या अंगानं घेतलं. "हे तेल्याचं. मंग दोन घरं भावाभावाची. मंग बोळ. बोळात नाही जाचं. बोळ सोडला का आपलं." मी गणिताचा मास्तर. एरवी अशा गोष्टींना मी हसतो. पन्नास-साठ फूट पाण्यावरून एक म्हातारी घरं मोजत चाललेली आणि एक माणूस तिच्या सांगण्यावरून वल्हं मारतोय, आणि मला तिच्या एका एका शब्दावर भरवसा वाटत होता. मला गाव आठवत नव्हतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला काय आठवणार? तरी त्या बोळापाशी मी श्वास धरून होतो.

"थांब," ती म्हणाली. "आलं."

बोट थांबली. आई ताडपत्रीचा पाइप धरून उभी राहिली. आधी तिनं तोंड विहिरीकडे केलं, मग थोडं वळली, मग आणखी थोडं. चौकटीत उभं राहताना बाईचा एक खांदा चौकटीला टेकतो, तसा तिनं खांदा पाइपाला टेकवला.

"इथं मी उभी होती," ती म्हणाली. "ते सरळ निघाले. नाला उतरले. मंग तिकडं." तिचा हात वर गेला आणि तिथंच राहिला.

तिचा हात गेला त्या दिशेला टेकडी नव्हती. उजव्या बाजूला सेल्फी बेट होतं, डावीकडे लांब ते सनसेटवालं, आणि दोघांच्या बरोबर मध्ये पाणी. सपाट, उन्हात चमकणारं पाणी, पार पलीकडच्या काठापर्यंत.

मला वाटलं दिशा चुकली. बोटवाल्यालाही वाटलं असावं, कारण त्यानं बोट थोडी फिरवून पाहिली. आईनं त्याला परत तशीच करायला लावली. दिशा चुकली नव्हती.

"तिकडं टेकडी नाही मावशी," तो म्हणाला. "लहानशी होती म्हणे बापाच्या टायमाले. ते पहिल्याच भरतीत गेली. ह्या उंच उंच राह्यल्या."

"लहान नव्हती," आई म्हणाली. मग त्या पाण्याकडे बघत म्हणाली, "मले तं लय उंच वाटली होती. त्यायले चढाले लय वेळ लागला."

ती खाली बसली. बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. जागाच पाण्याखाली म्हटल्यावर आता कुणाला काय आठवतं आणि काय नाही याला अर्थ उरत नाही, असं माझ्या डोक्यात येऊन गेलं. तेवढ्यात आईनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबू, त्यायनं तुले काय सांगतलं होतं? शब्दानं शब्द सांग. जागा नाही तं नाही. पण कशी जागा होती ते तं सांग. सावली होती का? दगड ठेवला होता का वरतून?"

एवढंच विचारलं तिनं. थाप मारायला सोपं होतं. सावली होती, दगड होता, छान जागा होती, असं म्हणून मी अजून एकदा वेळ मारून नेऊ शकलो असतो. का कुणास ठाऊक, तिच्या दारात बसून मला ते जमलं नाही.

"मला आठवत नाही," मी म्हटलं. "फोनवर सांगितलं होतं त्यांनी. मी नीट ऐकलं नव्हतं. बिब्ब्याचं झाड म्हणाले होते, तेवढंच आठवतं. बाकी तेराव्यानंतर तू विचारलंस तेव्हाही मला माहीत नव्हतं."

बोटवाला दुसरीकडे बघायला लागला. शेगडीपाशी त्याची बायको भांडी घासत होती, तिचाही हात थांबला.

मी वाट बघत होतो की आई रडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे. आया जाऊ दे म्हणतात, अशी माझी समजूत होती.

"मंग मले सांगतलं काहून नाही?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माहा भाऊ होता ना जिता. तो गेलता संगं. त्यानंच तं खोदलं होतं. म्या त्याले एका शब्दानं नाही इचारलं. त्याच्या जिवाले कायले लावाचं, म्हटलं, आपल्या पोराले सांगून ठेवलं हाय. तीन सालं झाले त्याले जाऊन."

मी मान खाली घातली.

"आन् तुहे बाबा गेल्यावर पुन्हा पाणी उतरलं तवा? आठोते का? म्या म्हटलं होतं, चाल, पायी पायी जाता येते. तू म्हणाला चिखल हाय, पाय फसंन."

तेही मी म्हणालो होतो. मामा तेव्हा चांगला हिंडता-फिरता होता, पुनर्वसनात आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचा. ती, तो आणि मी, तिघं जण चालत त्या बुटक्या टेकडीवर जाऊ शकलो असतो. मामानं हात करून दाखवलं असतं. त्या आठवड्यात चिखल नव्हता, भेगा पडल्या होत्या. माझं पितळ उघडं पडेल म्हणून मी चिखल सांगितला होता.

"चूक झाली माझी," मी म्हटलं.

"हो," आई म्हणाली.

त्यानंतर बोटवाला हळूच म्हणाला की दूध ओतायचं असेल तर तो बोट त्या मधल्या पाण्यावर नेऊन उभी करेल. चांगला माणूस होता. आईनं मान हलवली. "एवढ्या मोठ्या पाण्यात कोणत्या जागी ओतू?" ती म्हणाली. किटली तिनं मागे बसलेल्या बाईकडे दिली. "चहाले घे बाई. नासून जाईन."

त्या बाईनं चहा केला. आम्ही सगळ्यांनी तो घेतला. मी नको म्हणणार होतो, पण कप हातात आला तसा प्यालो. साखर जास्त झाली होती. उरलेल्या दोन बेटांची चौकशी कुणी केली नाही आणि बोट परत फिरली. परतीच्या वाटेवर आई गावाकडे तोंड करून बसली नाही, पुढं बघत बसली. बायको मधूनच तिच्या पदराचं टोक सावरत होती, वाऱ्यानं ते सारखं उडत होतं.

काठाला लागल्यावर मी आधी उतरलो आणि हात पुढे केला. आईनं बोटवाल्याचा खांदा धरला आणि उतरली. जॅकेटचे बंद तिला सुटेनात, ते बायकोनं सोडले. टपरीवरच्या पोरीनं एक वही पुढे केली आणि अभिप्राय लिहायला सांगितला. जेवण चांगलं होतं, असं मी लिहिलं.

याला आता चार महिने झाले. घरात सगळं सुरळीत आहे. आई माझ्याशी बोलते, ताट वाढते, शाळेतून उशीर झाला तर दारात येऊन उभी राहते. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माफी मागायला गेलो तर म्हणाली, झालं ते झालं, आणि निवडायला घेतलेले गहू पुढे ओढले. मला वाटलं, विसरेल हळूहळू.

पण एक गोष्ट मला उशिरा ध्यानात आली. ती आता मला काही विचारत नाही. गोळी जेवणाआधीची की नंतरची, पुसदची गाडी किती वाजता, मामीकडच्या लग्नाची तारीख कोणती, यातलं काही ती मला विचारत नाही. ती सुनेला विचारते. सून मला विचारते. मी बाजूच्याच खोलीतून मोठ्यानं सांगतो, आईला ते नीट ऐकू येतं, तरी सून आत जाऊन पुन्हा सांगेपर्यंत ती थांबून राहते.